पायाळूची पाणथरी

मी जन्मले तेव्हा आधी माझे पाय बाहेर आले. भातकुलीजवळच्या आमच्या गावात माझी ओळख त्या दिवशी ठरली ती ठरलीच. वर्षाची व्हायच्या आत अमरावतीच्या डॉक्टरांनी मला थॅलेसेमिया मेजर आहे असं सांगितलं, पण ती दुसरी ओळख घरात कुणाला फारशी पटली नाही. पायाळू म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. थॅलेसेमिया म्हणजे काय हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही, आणि मी तिशी ओलांडली तरी अजून वाटलेली नाही.

ज्यांच्याकडे हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाळू माणसाच्या पायात गुण असतो असं आमच्याकडे मानतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की त्यानं उन्हं निघायच्या आत, उपाशीपोटी, पायाळूच्या घरी जाऊन पालथं पडायचं आणि पायाळूनं त्याच्या पाठीत लाथ मारायची. असं तीन सकाळी करायचं. चौथ्या दिवशी तो माणूस ताठ चालतो म्हणे. उसण अशीही तीन-चार दिवसांत उतरतेच, पण हे बोलून दाखवणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. आणि जन्मला तरी तो डोक्याकडून जन्मेल, मग त्याचं कोण ऐकणार.

लहानपणी मला याची मजा वाटायची. मोठ्या माणसांच्या पाठीत लाथ मारायला मिळते आणि वर ते हातावर गूळ ठेवतात, हे कुठल्या पोरीला आवडणार नाही? दर तीन आठवड्यांनी आई मला अमरावतीला नेऊन रक्त चढवून आणायची. परत आलो की ओट्यावर कुणीतरी कंबर धरून बसलेलं असायचं. रक्त कसं चढलं, सुई किती वेळा टोचली, हे त्यांच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही. पायाळूवर वीज पडते असंही आमच्याकडे मानतात, त्यामुळे आभाळ गडगडलं की हेच लोक माझ्यापासून चार हात लांब सरकायचे. गुण हवा होता, वीज मात्र माझी मला.

आईबाप दोघांच्याही रक्तात थोडा थोडा दोष असला तरच हा आजार मुलाला होतो. डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट समोर ठेवून हे समजावलं होतं. एसटीनं गावी पोचेपर्यंत तो दोष एकट्या आईचा झाला. सासरच्या माणसांनी तो तिच्या नावावर लावला आणि बाबा खाली मान घालून जेवत राहिले. आईच्या बाजूनं जमेला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे माझे पाय. आजारी पोर दिली खरी, पण पायाळू दिली. त्यामुळे आईचा त्या गुणावर जो विश्वास होता तो बाकीच्यांसारखा फुकटचा नव्हता. मी त्याची टिंगल केली की ती दुखावली जायची, आणि मी भरपूर टिंगल करायचे.

आता पाणथरीकडे येते. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. डाव्या बरगड्यांखाली असते, मूठभर. जुनं, झिजलेलं रक्त गाळून काढणं हे तिचं काम. माझ्या शरीरात तयार होणारं सगळं रक्तच वाईट, म्हणून तिला कायमचा ओव्हरटाइम. ती वाढत गेली, बरगडीखालून निघून बेंबीच्या पुढे पोचली. हातपाय काडीचे आणि पोट पुढे, असं माझं रूप झालं. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च व्हायचं, कारण जठराला जागाच उरली नव्हती.

पोट दिसायला लागलं की जगाला बोलायला विषय मिळतो. अमरावतीहून अकोल्याला जाताना बडनेऱ्याला गाडी भरली तेव्हा एक बाई उठून म्हणाली, "बस माय, दोन जीवाची आहेस." मी बसले. भरलेल्या गाडीत जागा मिळत असेल तर मी पाणथरीलाही जीव मानायला तयार आहे. पण त्यानंतर मूर्तिजापूरपर्यंत तिनं मला कितवा महिना, माहेर कुठलं, पहिलटकरीण का, असं सगळं विचारलं आणि गळ्यात मंगळसूत्र नाही हे लक्षात आल्यावर तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसली. अमरावतीच्या राजापेठेत मी ज्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते तिथल्या मालकांनी एकदा केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, पालकांमध्ये चर्चा होते. जरा सैल ड्रेस घालत जा." मी म्हटलं, याहून सैल घातला तर त्यात दोन विद्यार्थी बसतील. ते हसले नाहीत. वेळापत्रकाखेरीज त्यांना काही समजत नाही.

शिकलेल्यांबद्दलही माझं मत चांगलं नाही. रक्त चढवायला जाते त्या दवाखान्यात डॉक्टर होऊ घातलेली मुलंमुली येतात. त्यांचे सर माझ्या खाटेशी थांबून म्हणतात, "छान केस आहे, सगळ्यांनी हात लावून पाहा." मग एकामागून एक थंड बोटं पोटात रुततात. माझं नाव कुणी विचारत नाही. एका मुलीनं दाबता दाबता मैत्रिणीला कॅन्टीनमध्ये आज काय आहे ते विचारलं होतं. बावीस-तेवीस वर्षांची असेल, आणि माझी पाणथरी तिच्या जेवणाच्या आड येत होती.

गेल्या पावसाळ्यात रक्त पुरेनासं झालं. तीन आठवडे टिकणारं रक्त दोन आठवड्यांत संपायला लागलं, मग त्याच्याही आत. क्लासमध्ये जिना चढून वर गेले की फळ्याला धरून उभी राहायचे. वरून बाटली चढत होती आणि आत पाणथरी ती गिळत होती. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, तशातली गत. शेवटी माझ्या डॉक्टरबाईंनी पोटावर पेनानं पाणथरीची कड आखली, मागच्या खेपेची कड कुठे होती ते बोटानं दाखवलं आणि म्हणाल्या, आता काढायलाच हवी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अकोल्याचे होते. आधी काही लसी घ्यायच्या, त्या अंगात मुरेपर्यंत थांबायचं, मग अकोल्यालाच ऑपरेशन.

डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, ऑपरेशन होईपर्यंत पडायचं नाही, पोटाला मार किंवा हिसका बसू द्यायचा नाही, कारण एवढी मोठी पाणथरी फुटली तर आतल्या आत रक्त जाऊन माणूस मरतो. दुसरी, ऑपरेशननंतर साधा ताप आला तरी घरी बसायचं नाही. पाणथरी नसलेल्या माणसाला जंतुसंसर्ग काही तासांत संपवू शकतो. ताप आला की थेट दवाखाना, मध्ये कुठे थांबायचं नाही. आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मोठ्या बाबाले विचारा लागन."

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील मी कॉलेजात असताना गेले. राजापेठेतल्या ज्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी राहतो त्या मोठ्या बाबांच्या नावावर आहेत, आणि ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नाहीत, कारण बोलायची गरजच पडत नाही. पगार मी आणते, सही माझी चालते, पण ऑपरेशनला घरचं माणूस सोबत हवं असा दवाखान्याचा नियम होता, आणि आई मोठ्या बाबांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणाऱ्यांतली नाही. ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी थेट बोललेली नाही. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, आणि बोलायचं ते मोठ्या आईकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे पाहून.

असे हे मोठे बाबा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पोटातल्या अवयवांची आकृती त्यांनी हजारदा फळ्यावर काढली असेल. पाणथरीला बाण काढून नाव दिलं असेल आणि न लिहिणाऱ्या पोरांचे कान पिळले असतील. आईला घेऊन मी अकोल्याला त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते झोपाळ्यावर बसून चहा ओरपत होते.

"कापाचं कायले पण?" ते म्हणाले. "डाक्तर तं कापाचंच सांगते. कापलं नाई तं त्याचं पोट कसं भरन?"

"मोठे बाबा, ते फुटलं तं मी मरीन."

"फुटाले तो काय फुगा आहे?"

विज्ञानाच्या शिक्षकाला काय समजावणार? मग त्यांनी कप खाली ठेवला आणि खरं कारण सांगितलं. "हे पाह्य, चाकू लागला का पायाळूचा गुण जाते. आंग चिरलं का गेलं सारं. आमच्या बापानं सांगतलं हाय."

स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली आई दचकली, हे मला दिसलं. मोठ्या बाबांना माझ्या पायांची एवढी काळजी का, तेही मला माहीत होतं. दिवाळीला मी अकोल्याला गेले की ते सकाळी सकाळी कॉलनीतली कंबरदुखी गोळा करून आणायचे. त्यांच्या अर्ध्या कॉलनीच्या पाठीत मी लाथ मारलेली आहे. लोक त्यांना "गुरुजी, तुमची पुतणी म्हणजे" वगैरे म्हणायचे आणि ते मान डोलवायचे. निवृत्तीनंतर त्यांना मान मिळतो तो एवढाच, आणि तो माझ्या टाचेतून येतो.

"गेला तं गेला," मी म्हटलं. "मले काय कराचा आहे तो?"

"असं बोलू नये माय," मोठी आई म्हणाली. "देवानं देल्लं असते."

देवानं पाणथरीही दिली होती, पण ती ठेवून घ्या असं कुणी म्हणत नव्हतं. खरं म्हणजे म्हणतच होते.

मग मोठे बाबा तडजोडीवर आले. तो दिवस मी विसरणार नाही. कापायचंच असेल तर कापा, ते म्हणाले, पण त्याआधी तीन सकाळी त्यांच्या पाठीत लाथ मारायची. हिवाळ्यात त्यांची कंबर धरते. शिवाय कॉलनीतल्या चारदोन लोकांच्याही. "गुण जायच्या आत घेऊन घेऊ," असे त्यांचे शब्द. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांच्या स्वभावात नाही, तेवढा प्रामाणिकपणा मी कबूल करते. दुकान बंद होणार म्हटल्यावर लोक उरलेला माल उचलतात, तसा हिशेब होता.

मी नाही म्हटलं. अंगात रक्त नाही, एका पायावर उभी राहिले तर तोल जाईल, आणि पडले तर ऑपरेशनची गरजच उरणार नाही. हे मी अगदी याच शब्दांत सांगितलं.

"मंग मी काई येत नाई दवाखान्यात," मोठे बाबा म्हणाले. "आन हिची आई बी येणार नाई."

मी आईकडे पाहिलं. तिनं पदर पुढे ओढला. त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा मोठ्या बाबांचाही आला नाही. माझं जगणं-मरणं एका झोपाळ्यावर बसून ठरत होतं आणि ही बाई जमिनीकडे पाहत होती. मग ती मोठ्या आईला म्हणाली, "बाई, खुर्चीवर बसून नुसता पाय लावला तं नाई चालत का?"

यावर घरात चर्चा झाली. लाथ आणि पाय लावणं यांत फरक आहे की नाही, यावर सुशिक्षित माणसं तासभर बोलली. शेवटी मोठ्या बाबांनी निर्णय दिला की गुण पायात असतो, जोरात नसतो. त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं शास्त्रीय वाक्य.

मग त्या तीन सकाळी. अंगणात थंडी, अंधार नुकता फिटलेला, आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शाल पांघरून बसलेली. आई मागे उभी. तिचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा माझ्या पोटावर, डाव्या बाजूला, पंजा पसरून. कुणाचा कोपर, कुणाचं डोकं तिथे लागू नये म्हणून तिनं तो हात शेवटपर्यंत काढला नाही. समोर सतरंजीवर मोठे बाबा बनियनवर पालथे. मी उजवा पाय त्यांच्या कमरेवर ठेवायचे आणि ते "हाव, हाव, तिथंच," असं कण्हायचे. आयुष्यभर पोरांना पालथं पाडून छड्या मारणारा माणूस माझ्या पायाखाली समाधानानं कण्हत होता, आणि मला त्याची मजाही वाटेना.

त्यांच्यामागे कॉलनीतले लोक. बँकेतले एक साहेब, एक किराणावाले, आणि गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीनवर वाकून वाकून पाठ धरलेले टेलरचाचा. या बाबतीत आमच्या वऱ्हाडात जातधर्म पाळत नाहीत, पाठ सगळ्यांची सारखी. बँकेच्या साहेबांनी उठता उठता तक्रार केली, "लात कुठं मारली? नुसता पाय लावला." त्यांच्या चेहऱ्यावर दुकानदारानं वजनात फसवल्याचा भाव होता. चाचा तेवढे म्हणाले, "रहने दो साब, लडकी बीमार है." तिसऱ्या सकाळी मी घरात जाऊन उलटी केली. मोठे बाबा तोवर कॉलनीत ताठ चालून दाखवत होते.

ऑपरेशन झालं. मोठे बाबा आले, आईही आली. आमच्याकडे शरीरातून काही मोठं काढलं की डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावून ते ट्रेमध्ये दाखवतात, म्हणजे पुढे शंका नको. मोठ्या बाबांनी माझी पाणथरी पाहिली. आईनं पाहिली नाही, ती भिंतीकडे तोंड करून उभी होती असं नंतर नर्सनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मोठे बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हातानं आकार दाखवून सांगत होते, "टरबुजाएवढी होती राजेहो. मी तं पयलेच म्हणत होतो, काढून टाका." उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि वर एक भर, "बीमारीच काढून टाकली आता. रक्तफिक्त काई लागत नाई."

मी खाटेवरून सांगितलं की आजार रक्तात आहे, पाणथरीत नव्हता, रक्त आयुष्यभर लागणार, फक्त आता ते टिकेल. पाहुण्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. भूल उतरली नसेल असं त्यांना वाटलं असावं.

पण एक सांगते, कारण त्यात कुणाची टिंगल करण्यासारखं काही नाही. टाके ओले होते, हसलं तरी दुखत होतं, आणि तरी मला पहिल्यांदा पोटभर भूक लागली. आईनं मऊ खिचडी आणली. मी वाटी संपवली आणि आणखी मागितली. आई पाहतच राहिली. तिनं मला कधी दुसऱ्यांदा मागताना पाहिलंच नव्हतं. डब्याचं झाकण हातात धरून ती रडायला लागली आणि मीही रडले. त्या दिवशी मी खूप सुखात होते.

दवाखान्यातून सोडलं तरी तपासणीसाठी अकोल्यातच राहायचं होतं, म्हणजे पुन्हा मोठ्या बाबांचं घर. आठवडाभर बरं गेलं. मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. गुण गेला की राहिला, हे कळणार कसं? कॉलनीत लोक विचारत होते. निवृत्त विज्ञान शिक्षकानं यावर प्रयोग करायचं ठरवलं. ज्यांची पाठ धरली आहे अशा चौघांना त्यांनी सकाळी बोलावलं, मला न विचारता. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्य मरता मरता वाचला तरी गरज सरायला तयार नव्हती.

त्या सकाळी मी हुडहुडी भरून जागी झाले. अंगावर दोन गोधड्या असून दात वाजत होते. थर्मामीटर लावून पाहिलं. ताप होता, चांगलाच. डॉक्टरबाईंचे शब्द माझ्या कानात होते आणि मी घाबरले, खरोखर घाबरले. भिंत धरून बाहेर आले. अंगणात चौघं शाली गुंडाळून उपाशी बसले होते आणि सतरंजी अंथरलेली होती.

"मोठे बाबा, ताप आला. दवाखान्यात जा लागते, आताच."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "कणकण आहे. थंडी लय आहे ना. क्रोसिन घे एक."

"ताप आला तं थांबाचं नाई म्हणून सांगतलं डाक्टरनं. जीव जाऊ शकते."

"कोण नाई म्हणते? जाऊ ना. पण हे लोक उपाशी येऊन बसले. चौघांले पाय लावून दे, पाच मिनिटं. मंग मी सोताच नेतो तुले." आणि मग समजुतीच्या सुरात, वर्गात बोलत असल्यासारखं, "गुण आहे का नाई ते तं समजन."

मी तोंड उघडलं. अपमान करायला मला शब्द कधी कमी पडलेले नाहीत, पण त्या वेळी जबडाच थरथरत होता. बँकेचे साहेब तोवर सतरंजीवर गुडघे टेकून पालथं व्हायच्या तयारीत होते. पाणथरी काढली, जीव वाचला, आणि आता या माणसाच्या कमरेपायी मी अंगणात मरणार, असं मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात आई आतून आली. एका हातात माझ्या फायलींची पिशवी, दुसऱ्या हातात माझी शाल. ती माझ्या आणि सतरंजीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"गुण गेला तिचा," ती म्हणाली.

मोठी आई दारात येऊन थांबली.

"चाकू लागला तवाच गेला," आई म्हणाली. मोठ्या आईकडे नाही, सरळ मोठ्या बाबांकडे पाहून. "तुमीच म्हणत होते ना जाते म्हणून? गेला. आता काई राह्यलं नाई तिच्या पायात. जा बाप्पा तुमी आपापल्या घरी."

मोठ्या बाबांना आधी ती आपल्याशी बोलते आहे हेच कळलं नसावं. मग ते म्हणाले, "पाह्यल्याशिवाय कसं सांगतं तू?"

"मी माय आहे तिची," आई म्हणाली. "मले माईत आहे."

बँकेचे साहेब गुडघे झटकत उठले. चाचा आधीच रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवत होते, कमरेवर हात ठेवून, वाकलेलेच. मोठे बाबा सतरंजीकडे पाहत उभे राहिले. मला वाटतं त्या घडीला त्यांना माझ्या तापापेक्षा सतरंजी गुंडाळायची कुणी हा प्रश्न मोठा वाटत होता. मी त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

ऑटो निघाला. आईनं शाल माझ्याभोवती आवळून धरली होती आणि ऑटोवाल्याला घाई करत होती. दवाखान्यात पोचल्यावर काय सांगायचं ते ती पुटपुटत पाठ करत होती, पाणथरी काढलेली आहे, ताप आला आहे, थॅलेसेमिया मेजर आहे. मला हे माहीतच नव्हतं की तिला हे शब्द येतात. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तिचं पाठांतरही थांबलं. मग माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "खरंच गेला असन का वं?"

या प्रश्नाला माझ्याकडे आयुष्यभर एकच उत्तर होतं, आणि ते मी तिला जमेल तेव्हा जमेल तितक्या कडू शब्दांत ऐकवलेलं होतं. नसलेली गोष्ट जाणार कुठे? मी तिच्याकडे पाहिलं. ती घाबरलेली होती, माझ्या तापाला घाबरलेली होती आणि चार लोकांसमोर जे बोलून आली त्यालाही. सासरच्यांनी तिच्या जमेला धरलेली एकुलती एक चांगली गोष्ट तिनं स्वतःच्या तोंडानं अंगणात मोडून टाकली होती.

"नाई वं आई," मी म्हटलं. "आहे अजून. मले समजते ना."

तिनं आधी ऑटोवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे झुकून आवाज खाली केला.

"मंग कोणाले सांगू नको," ती म्हणाली.